विश्लेषण : ‘झाले गेले विसरा’ एवढ्याने भागते का? गेवराईतल्या मनाच्या जखमांना कोणते उपचार हवेत?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९मध्ये विधिमंडळात गाजला. समिती नेमली गेली. ८२ हजार ३०९ महिलांच्या सर्वेक्षणात १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढलेले असल्याचे समोर आले. म्हणजे साधारण सहापैकी एक. त्यानंतर अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन खासगी रुग्णालयांवर आले. शस्त्रक्रियेला नियम लागले. पण जिची शस्त्रक्रिया होऊन गेली तिची उडालेली झोप, धडधड, भीती यांचे काय करायचे, हा प्रश्न चर्चेच्या कडेलाच राहिला.

गेवराई हा याच जिल्ह्यातला, गोदावरीकाठचा तालुका. ऊसतोड मजूर, दलित आणि पारधी वस्त्या, मुस्लीम मोहल्ले, कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या विधवा, आपली लैंगिक ओळख लपवून जगणारी तरुण मुले, अशा अनेकांच्या मनावरच्या जखमा ते कोण आहेत याच्याशी जोडलेल्या आहेत. त्यांना ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला का पुरत नाही? जगभर ‘आघाताची जाण ठेवणारे’ आणि ‘ओळख स्वीकारणारे’ उपचार म्हणतात ते काय आहेत? आणि तालुक्याच्या पातळीवर ते शक्य आहेत का?

ताण आणि आघात यांत फरक काय?

परीक्षा, हप्ता, लग्नाचा खर्च याचा येतो तो ताण. कारण संपले की तो बहुतेक वेळा ओसरतो. आघात वेगळा असतो. जिवाला, शरीराला किंवा माणूस म्हणून असलेल्या किमतीला धक्का देणारी आणि त्या क्षणी हतबल करून टाकणारी घटना घडते, तेव्हा शरीरातली धोक्याची घंटा वाजते. धोका टळल्यावर ती बंद व्हायला हवी. काहींच्या बाबतीत ती होत नाही. मग झोप लागत नाही, दार वाजले तरी छाती धडधडते, तीच घटना पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येते, किंवा उलट, कशाचेच काही वाटेनासे होते.

एखादा अपघात एकदाच घडतो. काही आघात मात्र रोजच्या जगण्यातच असतात. जातीवरून होणारा अपमान, घरातली मारहाण, उचलीच्या पैशांपोटी बांधले जाणे, ओळख उघडी पडेल ही भीती हे वर्षानुवर्षे चालते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२मध्ये अशा दीर्घकाळ चाललेल्या आघाताचे परिणाम वेगळे ओळखले पाहिजेत, असे मांडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०२२पासून लागू झाले, त्याला स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली.

गेवराईत हे सगळे सांगताना कुणी ‘आघात’ हा शब्द वापरणार नाही. ‘जीव घाबराघुबरा होतो’, ‘डोकं गच्च झालंय’, ‘कशातच मन लागत नाही’, ‘बाहेरचं झालंय’ अशा शब्दांत ते दवाखान्यात पोहोचते. किंवा कंबरदुखी आणि अशक्तपणा म्हणून येते. हे शब्द ओळखणे ही उपचारांची सुरुवात आहे.

आघाताची जाण ठेवणारे उपचार म्हणजे काय?

साध्या शब्दांत सांगायचे तर ‘तुझे काय बिघडले आहे’ या प्रश्नाऐवजी ‘तुझ्याबाबतीत काय घडले आहे’ या प्रश्नाने सुरुवात करणारे उपचार. अमेरिकेच्या मानसिक आरोग्यविषयक शासकीय यंत्रणेने २०१४मध्ये यासाठी चार पायऱ्या मांडल्या. आघात किती जणांना झालेला असू शकतो याचे भान ठेवणे, त्याची लक्षणे ओळखणे, त्यानुसार आपली कामाची पद्धत बदलणे आणि उपचार करतानाच पुन्हा जखम होणार नाही याची काळजी घेणे.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची. रांगेत सर्वांसमोर ‘काय झालंय?’ असे मोठ्याने विचारणे, तपासणीआधी परवानगी न घेणे, तीच हकीकत पाच टेबलांवर पाच वेळा सांगायला लावणे, नवऱ्यासमोर बायकोला प्रश्न विचारणे या रोजच्या सवयी आहेत. आघात झालेल्या माणसासाठी मात्र त्यातली प्रत्येक गोष्ट जुन्या हतबलतेची उजळणी ठरते.

उपचारांचा क्रमही ठरलेला आहे. आधी सुरक्षितता, मग जे घडले त्याविषयी हळूहळू आणि स्वतःच्या मर्जीने बोलणे, त्यानंतर माणसांत परतणे. घाईने सगळे वदवून घेणे घातक ठरू शकते. मोठ्या दुर्घटनेनंतर लगेच लोकांना गोळा करून एकाच बैठकीत सगळे सांगायला लावण्याची पद्धत एकेकाळी रूढ होती. जागतिक आरोग्य संघटना आता तिची शिफारस करत नाही. त्याऐवजी ‘पाहा, ऐका, जोडून द्या’ या तीन शब्दांत मावणारा मानसिक प्रथमोपचार ती सुचवते.

मग ‘ओळख स्वीकारणारे’ म्हणजे?

या विचाराची ठळक सुरुवात लैंगिक अल्पसंख्याकांच्या उपचारांतून झाली. समलैंगिक मुलाला ‘दुरुस्त’ करण्यासाठी आईवडील डॉक्टरकडे नेत आणि डॉक्टर तसे प्रयत्न करत. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८मध्ये समलैंगिकता हा आजार नाही, अशी स्पष्ट भूमिका घेतली. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१च्या निर्देशांनंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये अशा ‘बदल घडवणाऱ्या’ उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. मुंबईतील मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हने समुपदेशकांसाठी या विषयाचा स्वतंत्र अभ्यासक्रमच सुरू केला.

यामागचे तत्त्व सोपे आहे. त्रास ओळखीमुळे होत नाही, त्या ओळखीला जग जी वागणूक देते तिच्यामुळे होतो. त्यामुळे बदलायची असेल तर ती वागणूक. आणि माणसाला बळ द्यायचे ते त्याच्या ओळखीसकट.

हेच तत्त्व जातीला, धर्माला, आदिवासी असण्याला आणि कामाच्या ओळखीलाही लागू पडते. दिव्या कंडुकुरी यांनी २०१८मध्ये सुरू केलेल्या ‘द ब्लू डॉन’ या गटाने बहुजन समाजातील लोकांना जातीचा अनुभव समजणाऱ्या समुपदेशकांपर्यंत पोहोचवण्याचे काम हाती घेतले. त्याची गरज का पडली, हे समजणे अवघड नाही. वैद्यकीय क्षेत्र जातीबाहेर नाही. मे २०१९मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. वरिष्ठ सहकाऱ्यांकडून जातीवरून छळ झाल्याच्या आरोपाखाली खटला दाखल झाला. रुग्णालयातल्या डॉक्टरची ही गत असेल, तर तिथे येणाऱ्या रुग्णाला काय वाटत असेल, याचा विचार करावा.

महाराष्ट्राला ही कल्पना परकीही नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी जी दीक्षा घेतली, तिने लादलेली ओळख नाकारून स्वतः निवडलेली ओळख दिली. ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०) यांसारख्या आत्मकथनांनी तोवर लाज म्हणून लपवलेले जगणे उघडपणे मांडले. मानसशास्त्रात नंतर आलेली परिभाषा बाजूला ठेवली, तर अनुभवाला नाव देणे आणि ताठ मानेने जगणे या दोन्ही गोष्टी इथे आधीपासून होत्या. दवाखान्याच्या खोलीत मात्र त्या क्वचितच पोहोचल्या.

गेवराईत हा प्रश्न वेगळा कसा?

पहिले कारण ऊसतोड. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. एक दिवस काम चुकले की खाडा, म्हणजे दंड. मासिक पाळीत, गरोदरपणात, तापातही फडात उतरावे लागते ते यामुळे. पाळीच्या त्रासाची तक्रार घेऊन गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला लावल्याच्या तक्रारी २०१९च्या चर्चेत पुढे आल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ३ टक्के महिलांचे गर्भाशय काढलेले आहे. बीडच्या सर्वेक्षणातला आकडा १७ टक्क्यांच्या आसपास होता. दोन्ही सर्वेक्षणांची पद्धत वेगळी असली, तरी दरी लपत नाही.

दुसरे कारण पारधी समाजाचा इतिहास. इंग्रजांच्या १८७१च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, संशय गेला नाही. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठल्या वस्तीकडे वळते, हे मराठवाड्यात कुणाला सांगावे लागत नाही. अशा वस्तीत आरोग्य कर्मचारी सरकारी जीपमधून उतरला, तरी लोक आधी घराबाहेर पडतात. हा अडाणीपणा नाही, अनुभव आहे.

तिसरे कारण धार्मिक असुरक्षितता. ३० मार्च २०२५ रोजी, रमजान ईदच्या तोंडावर, गेवराई तालुक्यातील अर्धमसला गावातल्या मशिदीत पहाटे जिलेटिनचा स्फोट झाला. जीवितहानी झाली नाही, दोघांना अटक झाली. भिंत दुरुस्त करता येते. पण ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिलो तिथे हे घडले, ही जाणीव मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या मनात किती काळ राहते, हा आरोग्याचा प्रश्न आहे.

चौथे कारण जातींमधली वाढती दरी. ऑक्टोबर २०२३मध्ये जिल्ह्यात झालेली जाळपोळ आणि डिसेंबर २०२४मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या, यानंतर जिल्ह्यातले वातावरण ढवळून निघाले. त्याची झळ कोणत्याही एका जातीपुरती राहिली नाही. कर्जापायी नवऱ्याने आत्महत्या केलेल्या मराठा कुटुंबातील विधवा, ओबीसी कुटुंबातला घाबरलेला विद्यार्थी, दलित वस्तीतली आई या सगळ्यांना ऐकून घेणारा माणूस लागतो.

आणि पाचवे, लैंगिक ओळख. बीड पोलीस दलातील एका कर्मचाऱ्यावर २०१८मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात लिंगबदलाची शस्त्रक्रिया झाली आणि पुढे पुरुष म्हणून त्यांची सेवा सुरू राहिली. त्यांना परवानगीसाठी लढावे लागले. जिल्ह्यातल्या ज्या मुलांकडे नोकरी, ओळखी आणि माध्यमांचे लक्ष यांपैकी काहीच नाही, त्यांचे प्रश्न घराच्या चार भिंतींतच राहतात.

नेहमीच्या समुपदेशनात अडचण कुठे येते?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, ३२ वर्षांची ऊसतोड कामगार महिला मे महिन्यात दवाखान्यात येते. झोप नाही, अंगातून वाफा निघतात, छाती धडधडते, मुलांवर हात उचलला जातो. तिला रक्तवाढीच्या गोळ्या आणि झोपेची गोळी मिळते. ‘विचार कमी करा, देवाचं नाव घ्या,’ असा सल्ला मिळतो. सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण तिला ऐकू येते ते एवढेच, की दोष तिच्या विचारांचा आहे.

आघाताची जाण असलेला समुपदेशक काय करील? सोबत आलेल्या सासूला बाहेर बसायला सांगेल. ‘ताई, जेवढं सांगावंसं वाटेल तेवढंच सांगा,’ असे म्हणेल. पिशवी काढली आहे का, कधी, अंडाशयही काढले का, हे विचारेल. कारण कमी वयात अंडाशय काढले गेले असेल तर अकाली रजोनिवृत्ती येते आणि वाफा, झोपमोड, उदासी ही लक्षणे त्यातूनही येऊ शकतात. म्हणजे तिला आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवण्याची गरज असेल. ओळख स्वीकारणे म्हणजे शरीर विसरणे नव्हे.

मग तो फडातल्या जगण्याबद्दल विचारेल. उचल किती शिल्लक आहे? कोपीवर रात्री सुरक्षित वाटते का? कुणी त्रास दिला का? ही माहिती त्याच्यासाठी गप्पांचा विषय नसते. तिची भीती ‘उगाच’ आहे की खऱ्या धोक्यामुळे आहे, हे त्यावरून ठरते. धोका खरा असेल तर श्वासाचे व्यायाम शिकवून भागत नाही. जिल्हा पातळीवरचे सखी केंद्र, पोलीस, विधी सेवा प्राधिकरण यांच्याशी तिला जोडून द्यावे लागते.

सर्वांत मोठी अडचण दिनदर्शिकेची आहे. संवादातून होणाऱ्या उपचारांना साधारण सहा ते दहा बैठका लागतात. ही बाई ऑक्टोबरात पुन्हा कारखान्यावर जाणार. म्हणजे उपचारांचे वेळापत्रक साखर हंगामाप्रमाणे आखावे लागेल: मे ते सप्टेंबर प्रत्यक्ष भेटी, हंगामात फोन. गेवराईपुरती ‘ओळख स्वीकारणारी’ सेवा म्हणजे काय, याचे पहिले उत्तर हेच. रुग्ण कोण आहे हे कळले, की दवाखान्याचे वेळापत्रक बदलते.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ या बाबतीत स्पष्ट आहे. त्याच्या कलम १८ नुसार लिंग, लैंगिक कल, धर्म, संस्कृती, जात, वर्ग, अपंगत्व, सामाजिक-राजकीय मते अशा कोणत्याही कारणावरून भेदभाव न होता मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. कलम २३ गोपनीयतेचा हक्क देते. कलम ३ सांगते, की एखाद्याची सामाजिक स्थिती किंवा समाजातील रूढ नैतिक, धार्मिक मूल्यांशी न जुळणे, यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. आंतरजातीय प्रेम करणाऱ्या मुलीला ‘डोक्याच्या डॉक्टरकडे’ नेऊन सरळ करण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी हे कलम वाचण्यासारखे आहे.

अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही २०१६पासून लागू झालेल्या कलम १५अ नुसार पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च आणि सामाजिक-आर्थिक पुनर्वसनाचा हक्क आहे. न्यायालयातली प्रत्येक तारीख पीडितासाठी जुनी जखम उघडणारी असते. पुनर्वसनात मानसिक आधार गृहीत धरला, तरच या हक्काला अर्थ येतो.

सध्या कोणती सोय आहे?

गेवराईत उपजिल्हा रुग्णालय आहे. मानसोपचाराची मोठी सोय बीड, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगर येथे. यातले बीड तीस-पस्तीस किलोमीटरवर, बाकी दोन्ही ठिकाणे शंभर किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून दूर. रोजंदारी बुडवून, भाडे खर्चून सहा वेळा जाणे किती जणांना जमेल?

राज्य सरकारने २०१५मध्ये आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. त्यात बीडचाही समावेश होता. केंद्राची ‘टेलिमानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. ती चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. ऊसतोड मजूर कर्नाटकात असो की कोल्हापुरात, फोन त्याच्यासोबत असतो. ही मोठी जमेची बाजू. मात्र कोपीवर नवरा, दीर, मुकादम आसपास असताना बाईने मोकळेपणाने बोलायचे कसे, हा प्रश्न फोनने सुटत नाही.

देशाचे चित्रही असेच आहे. ‘निमहान्स’ने २०१५-१६मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के आढळले.

इतके तज्ज्ञ आणणार कुठून?

हा आक्षेप रास्त आहे. उत्तर गोव्यात मिळते. तेथील ‘संगत’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांवर एक चाचणी केली. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेली स्थानिक माणसे होती. सहा ते आठ बैठका. २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. झिम्बाब्वेत आरोग्य केंद्राबाहेरच्या बाकावर बसून ऐकून घेणाऱ्या प्रशिक्षित आजीबाईंचा प्रयोगही यशस्वी ठरला. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पाने गावातल्याच स्वयंसेवकांना या कामासाठी तयार केले.

स्थानिक भाषा आणि संस्कृतीशी जुळवून घेतलेले मानसोपचार अधिक उपयोगी ठरतात, हे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांतही दिसले आहे. तेव्हा गेवराईतली आशा सेविका, समुदाय आरोग्य अधिकारी, परिचारिका यांना नीट प्रशिक्षण, मोबदला आणि महिन्याला तज्ज्ञांची देखरेख मिळाली, तर सुरुवात होऊ शकते. आधीच डझनभर कामे असलेल्या आशांवर हे फुकटात लादणे मात्र अन्याय ठरेल.

आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप : उपचारांत जात-धर्म कशाला आणायचा? समुपदेशकासाठी सगळे सारखेच असावेत. हे ऐकायला चांगले वाटते. पण रुग्ण म्हणतो, ‘मला विहिरीवरून हाकललं,’ आणि समुपदेशक म्हणतो, ‘तुम्हाला तसं वाटत असेल,’ तेव्हा जात खोलीत आलेलीच असते. फक्त ती एका बाजूची असते. समुपदेशकाने आडनाव खोदून विचारू नये. रुग्णाने स्वतःहून सांगितले तर त्यावर विश्वास ठेवावा, एवढीच अपेक्षा आहे.

दुसरा आक्षेप : मग प्रत्येकाला आपल्याच समाजाचा समुपदेशक लागेल. काहींना तसा हवा असतो, काहींना नेमका नको असतो. तालुक्याच्या गावात आपल्याच भावकीतल्या माणसासमोर मन मोकळे करणे अधिक अवघड. दवाखान्याबाहेर लावलेली मोटारसायकलही इथे ओळखली जाते. म्हणून निवड रुग्णाच्या हाती हवी आणि गोपनीयता पक्की हवी.

तिसरा आक्षेप : ओळखीचा अभिमान जपताना आतला अन्याय झाकला जाईल. हा धोका खरा आहे. नवऱ्याची मारहाण सांगणाऱ्या दलित किंवा मुस्लीम बाईला ‘समाजाची बदनामी होईल’ म्हणून गप्प केले जाते. ओळख स्वीकारणारे उपचार समाजाच्या पुढाऱ्यांना बांधील नसतात, समोर बसलेल्या व्यक्तीला असतात.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. समुपदेशन हे न्यायाऐवजी दिले जाणारे शामक ठरेल का? गावात अत्याचार घडला की ‘मिटवून घ्या’ म्हणणारे लगेच पुढे येतात. समुपदेशकाने त्यांच्या ओळीत बसता कामा नये. गुन्हा नोंदवायचा की नाही, तडजोड करायची की नाही, हे त्याने सांगायचे नाही. माणसाला तो निर्णय स्वतः घेता येईल इतके स्थिर करणे हे त्याचे काम. खाडा, उचल, फडावर नसलेले शौचालय हे मजुरी आणि कायद्याचे प्रश्न आहेत. ते गोळीने किंवा गप्पांनी सुटणार नाहीत आणि सुटल्याचा आभासही निर्माण करू नये.

करता येईल काय?

त्यासाठी नवी इमारत लागत नाही. उपजिल्हा रुग्णालयात दार बंद होईल अशी एक खोली आणि आठवड्यातला ठरलेला दिवस. त्या खोलीवर ‘मनोरुग्ण’ अशी पाटी नको. हंगामावरून परतणाऱ्या महिलांची मे-जूनमध्ये शारीरिक तपासणी करताना मनाविषयीचे चार प्रश्न. गर्भाशय काढलेल्या महिलांची आजवर झालेली नोंद केवळ आकडा म्हणून न ठेवता त्यांच्यापर्यंत पाठपुराव्यासाठी पोहोचणे. प्रशिक्षणात जात, लैंगिकता आणि भटक्या-विमुक्तांचा इतिहास यांचा समावेश, आणि ते शिकवायला त्या समाजांतली माणसे. अर्धमसल्यासारख्या घटनेनंतर शांतता समितीच्या बैठकीबरोबर आरोग्य पथकाच्याही भेटी. यातले बहुतेक काही सध्याच्या योजनांच्या चौकटीत बसते. कमी आहे ती कुणीतरी ते एकत्र बांधण्याची.

समुपदेशकाकडे जाताना काय पाहावे?

त्याने गोपनीयतेबद्दल आधीच सांगितले का? किती बोलायचे हे तुम्हाला ठरवू दिले का? तुमची जात, धर्म, काम किंवा लैंगिक ओळख कळल्यावर त्याचा सूर बदलला का? ‘तुमच्या लोकांत असंच असतं’ असे काही तो म्हणाला का? ओळख बदलण्याचा किंवा लपवण्याचा सल्ला त्याने दिला का? शेवटच्या तिन्ही प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर समुपदेशक बदलण्याचा तुम्हाला हक्क आहे. आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार मनात येत असतील, तर वाट न पाहता १४४१६ वर फोन करावा किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात जावे. तिथे नाव सांगणे जड वाटत असेल, तर आधी त्रास सांगावा.